बनावट तिकिटे आणि नाणी : जपावीत की नष्ट करावीत?
संग्रहात बनावट टपाल तिकीट किंवा नाणे आढळल्यास ते घाईने नष्ट करू नये. प्रथम तज्ज्ञाकडून खात्री करून घ्यावी, कारण छपाईतला दुर्मीळ फरकही नक्कल वाटू शकतो. खात्री पटल्यावर तिकिटाच्या मागे ‘बनावट’ असा पक्क्या शाईचा शिक्का मारावा. पेन्सिलीची नोंद पुढचा विक्रेता सहज खोडू शकतो. टपालखात्याला फसवून पत्रावर प्रत्यक्ष वापरले गेलेले बनावट तिकीट हा मात्र इतिहासाचा पुरावा असल्याने त्याला हात न लावता स्वतंत्र नोंद जोडावी.

जिनिव्हाच्या तिकीटसंग्राहक संघाने फ्रांस्वा फूर्निए या बनावट तिकिटे तयार करणाऱ्याचा साठा विकत घेतला, त्यातील नमुने शिक्के मारून १९२८ मध्ये अल्बमच्या रूपाने अभ्यासकांना दिले आणि उरलेला माल नष्ट केला. हाच मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. म्हणून संग्राहकांच्या मंडळाने बनावट वस्तूंच्या प्रत्येक प्रकाराचे मोजकेच नमुने कागद, शाई आणि कडेच्या छिद्रांतील फरकांच्या नोंदींसह ठेवावेत, बाकीचे मालकाच्या लेखी संमतीने नष्ट करावेत. चालू चलनाची नक्कल सापडल्यास ती न ठेवता पोलिसांकडे सोपवावी.