प्रती वाढवल्या तर भाव कुठवर उतरतो? आडवी अनंतस्पर्शी रेषा काढायची रीत

छापखान्यात पुस्तिकेचा भाव विचारला की आधी उलटा प्रश्न येतो, "प्रती किती?" अक्षरजुळणी, प्लेटा, मशीन लावणे हा खर्च एकदाच होतो, तो ६,००० रुपये धरू. कागद, शाई, बांधणी मिळून दर प्रतीला १८ रुपये धरू. प्रती वाढत गेल्या की एका प्रतीचा खर्च ज्या आकड्याच्या जवळजवळ सरकत जातो, तो आकडा आलेखावर दाखवणारी आडवी रेषा म्हणजे आडवी अनंतस्पर्शी रेषा.

१. एकूण खर्च मांडा. क्ष प्रतींसाठी ६००० + १८क्ष.

२. त्याला प्रतींच्या संख्येने भागा. सरासरी खर्च = (६००० + १८क्ष) / क्ष. हे झालं परिमेय फल, म्हणजे एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागून मिळणारं फल. १०० प्रतींना ७८ रुपये पडतात, १,००० ना २४, १०,००० ना १८.६०.

३. अंश आणि छेद यांची कोटी, म्हणजे त्यातला क्षचा सर्वांत मोठा घात, पाहा. इथे दोन्हीकडे १. कोटी समान असली की सर्वांत मोठ्या घातांच्या सहगुणकांचा (त्यांना गुणणाऱ्या आकड्यांचा) भागाकार करायचा: १८ ÷ १. म्हणून रेषा य = १८ (य म्हणजे सरासरी खर्च). पटत नसेल तर पदं सुटी करा: ६०००/क्ष + १८. क्ष वाढेल तसं पहिलं पद झिजत जातं, पण शून्य कधीच होत नाही.

छेदाची कोटी मोठी असेल तर रेषा य = ०. अशा उदाहरणात हे उत्तर आलं तर मांडणी पुन्हा तपासा, कारण कागद फुकट मिळत नाही. अंशाची कोटी मोठी असेल (समजा गोदामाच्या खर्चाचं ०.००२क्ष² हे पद आलं) तर आडवी रेषाच नसते, सरासरी आधी उतरते आणि मग चढू लागते.

४. वाया जाणाऱ्या प्रती छेदातून वजा करा. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच घाईत सुटतो. मशीन लावताना पहिल्या ५० प्रती खराब होतात असं समजा. मग चांगल्या प्रतीमागे खर्च (६००० + १८क्ष) / (क्ष − ५०), अर्थात क्ष ५० पेक्षा मोठा हवा. १,००० छापल्या तर २४ ऐवजी सुमारे २५.२६ रुपये पडतात. रेषा मात्र १८ वरच राहते, कारण छेदातल्या क्षचा सहगुणक अजून १ च आहे.

आता ५० ऐवजी दर शंभरातल्या ५ प्रती खराब होतात असं धरा. छेद ०.९५क्ष होतो आणि रेषा १८ ÷ ०.९५, म्हणजे सुमारे १८.९५ वर सरकते. लाखभर प्रती छापल्या तरी हे जादा ९५ पैसे अंगावरच राहतात.