बाहेरचं तापमान उणे ४० दाखवत असेल तर

सोलापूरचा मे महिना, अंगाची लाही लाही, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उणे ४०! बाहेरचं तापमान मोजणारा नवा सेन्सर घातला, फ्यूज पाहिला, स्कॅनरने एरर पुसली, आकडा ढिम्म. डोकं फिरायची वेळ आली.

हा सेन्सर जितका थंड, तितका त्याचा विजेला होणारा रोध जास्त. वायर तुटली की रोध अनंत, आणि गाडीला वाटतं हिमालयात आलो.

इग्निशन बंद करून बंपरमागचा कनेक्टर काढला. मल्टिमीटरवर सेन्सर ठणठणीत. मग कनेक्टरकडच्या वायरी एकेक हलकेच ओढल्या. एक रबरासारखी ताणली: वरचं आवरण शाबूत, आत तांबं हिरवं पडून तुटलेलं. चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापली, नवा तुकडा सोल्डर केला, हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवली. विजापूर रोडला चक्कर मारल्यावर आकडा ताळ्यावर आला. उभ्या गाडीत तो लगेच बदलेलच असं नाही.