थंडीतच भोपळा लावायचाय? क्रॉप कव्हर घाला

लाल भोपळ्याचं बी थंड मातीत नीट उगवत नाही, म्हणून उन्हाळी लागवडीसाठी फेब्रुवारीची वाट पाहिली जाते. निफाडसारख्या भागात तर पहाटेचा पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. हंगाम दोन-तीन आठवडे अलीकडे ओढायचा असेल, तर कलिंगडवाले वापरतात तेच पांढरं क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर अंथरायचं पातळ, न विणलेलं कापड, भोपळ्यालाही चालतं.

१७ ते २० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) कापड पुरे. गादीवाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या किंवा तारेच्या कमानी रोवा आणि कापड सैल अंथरा. भोपळ्याची पानं मोठी; ताणून बसवलं तर वेल लवकरच आत कोंडतो. कडा मातीने पूर्ण दाबा. जराशी फट राहिली तरी तांबडे भुंगेरे आत शिरतात आणि कोवळी रोपं फस्त करतात. मागच्या हंगामात भोपळा किंवा काकडी घेतलेली जागा मात्र टाळाच. भुंगेऱ्यांचे कोष मातीत असतात, ते थेट कव्हरच्या आतच बाहेर पडतात.

मादी फूल ओळखणं सोपं: पाकळ्यांमागे इवलासा भोपळाच असतो. ती दिसू लागली की कव्हर काढा, थंडी थोडी शिल्लक असली तरी. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशी पोचली नाही तर फळ धरत नाही. कव्हर संध्याकाळी काढलेलं बरं, म्हणजे कोवळ्या पानांना एकदम ऊन लागत नाही. कापड झटकून सावलीत गुंडाळून ठेवा, फाटलं नसेल तर पुन्हा वापरता येतं.