फ्रेंच क्रियापदाचे मूळ कसे शोधावे: ‘आरिव्हे’च्या निमित्ताने

मुंबईत अकरावी-बारावीला गुणांच्या आशेने फ्रेंच घेणाऱ्यांना ‘आरिव्हे’ हे क्रियापद लवकरच भेटते आणि त्याचा ‘पोहोचणे’ हा अर्थ पाठ होतो. पुढे तेच क्रियापद ‘घडणे’ आणि ‘जमणे’ या अर्थांनीही येऊ लागले की विद्यार्थी गोंधळतो. अशा वेळी अर्थांची यादी घोकण्यापेक्षा त्यांचा कालक्रम लावून पाहावा.

त्यासाठी ‘त्रेझोर द ला लांग फ्रांसेझ’ हा १९७१ ते १९९४ या काळात १६ खंडांत निघालेला आणि आता इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असलेला कोश उघडावा आणि नोंदीच्या अखेरीस असलेली व्युत्पत्ती आधी वाचावी. ‘आरिव्हे’च्या मुळाशी ‘आर्रिपारे’ हे उत्तरकालीन, बोलभाषेतल्या लॅटिनमधील रूप मानतात. ‘आद’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘रीपा’ म्हणजे ‘काठ’. म्हणून मूळ अर्थ ‘काठाला लागणे’. व्युत्पत्तिकोशांत एखाद्या रूपाआधी तारा छापलेला असेल, तर ते रूप लेखी सापडलेले नसून अभ्यासकांनी अनुमानाने उभे केले आहे, असे समजावे.

मग ध्वनी तपासावेत. दोन स्वरांमधल्या लॅटिन ‘प’चा फ्रेंचमध्ये ‘व्ह’ होतो: ‘रीपा’चे ‘रिव्ह’ झाले, ‘सापोनेम’चे ‘साव्हों’. (आपला ‘साबण’ही वेगळ्या वाटेने आलेला त्याच कुळातला.) ही पायरी गाळू नये, कारण दिसण्यातले साम्य हमखास फसवते. नदीवाचक ‘रिव्हिएर’ खरोखरच ‘रीपा’च्या कुळातला आहे, पण प्रतिस्पर्धी या अर्थाचा ‘रिव्हाल’ ओढ्याला म्हणणाऱ्या ‘रीवुस’पासून आला आहे.

त्यानंतर जुने प्रयोग पाहावेत, आणि खरी गंमत इथेच आहे. ११व्या शतकातल्या संत आलेक्सीच्या चरित्रकाव्यात हे क्रियापद होडीसाठी येते: ती सुखरूप किनाऱ्याला लागते. भाऊच्या धक्क्यावर ‘लाँच लागली’ म्हणताना आपण ज्या अर्थाने ‘लागणे’ वापरतो, नेमका तोच हा अर्थ. पुढे पाण्याची अट सुटली आणि घोड्यावरून येणाराही ‘आरिव्हे’ करू लागला. मग माणसापाशी येऊन ठेपणारी घटनाही त्याच क्रियापदाने सांगितली जाऊ लागली, आणि तिथून ‘घडणे’ हा अर्थ रुळला. दुसऱ्या बाजूला, प्रयत्नांती एखादी गोष्ट साधणे हा अर्थ आला. मराठी वाचकाला तो परका वाटू नये, कारण ‘तड’ म्हणजेही काठच आणि आपणही काम ‘तडीस नेतो’. १९व्या शतकाच्या अखेरीस ‘आरिव्हिस्त’ हा शब्द निघाला. कसेही करून वर चढू पाहणाऱ्यासाठीचा हा शब्द कौतुकाचा मुळीच नाही.

शेवटी भगिनीभाषांत डोकवावे. स्पॅनिशमधले ‘आरिबार’ जहाज बंदराला लागण्याचा अर्थ आजही राखून आहे. एरवी पोहोचण्यासाठी तिथे ‘येगार’ वापरतात, जे ‘घडी घालणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘प्लिकारे’पासून आले. याच ‘प्लिकारे’पासून रुमानियन भाषेत ‘निघून जाणे’ या अर्थाचे क्रियापद झाले. तेव्हा भगिनीरूपे जुळवताना आधी ध्वनींचा नियम लावावा आणि अर्थ नेमका उलटा निघाला तरी केवळ त्या कारणाने नाते नाकारू नये.