डोंगरावर ससे परत हवेत? आधी काय काढायचं ते बघा

पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी विचारतंच, "गावच्या डोंगरावर ससे आणून सोडले तर?" नका सोडू. रानातला ससा परस्पर पकडणं हाच वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय बोडक्या डोंगरावर सोडलेला ससा कुत्र्यांच्याच तोंडी जायचा.

क्रम शिकावा तो पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डर्क हार्टोग बेटाकडून. सुमारे ६३,००० हेक्टरचं बेट. शेळ्यामेंढ्यांनी झाडोरा खाल्ला, बाकीचं रानटी झालेल्या मांजरांनी उरकलं. १० जातींचे देशी सस्तन प्राणी तिथून गेले. तिथल्या वन्यजीव खात्याने आधी शेळ्यामेंढ्या हटवल्या, मग बेटावर आडवं कुंपण घालून एकेका भागातली मांजरं काढली. २०१८ मध्ये बर्निए आणि डोर बेटांवरून छोटे वॉलबी (कांगारूचे लहान भाऊबंद) आणले, ते त्यानंतर.

आपल्याकडे सुरुवात चराईबंदीने. पण सगळा डोंगर एकदम बंद केलात, तर कुंपण आठवडाभर टिकणार नाही. ग्रामसभेत अर्धा बंद, अर्धा खुला असं ठरवा. बंद भागातलं गवत बी गळल्यावर कापून न्यायची मुभा द्या. वणवा पसरू नये म्हणून होळीच्या आत जाळपट्टे काढा.

मग घाणेरी (टणटणी) काढायची. नुसती छाटली की दुप्पट फुटते. पावसाने माती मऊ झाली की, फळं धरायच्या आत, कुदळीने बुंध्याभोवतीची माती सारा. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्याच्या दोन बोटं खाली तोडा आणि झुडूप उलटं टाका, म्हणजे परत रुजत नाही. पुढची दोन-तीन वर्षं रोपटी उपटत राहायची. कंटाळवाणं आहे, पण सुटका नाही.

झाडं लावायची घाई नको. आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) तर नकोच; फोटोपुरतं हिरवं दिसतं, बस. पायथ्याला कोंबडीच्या दुकानांची घाण टाकणं बंद झालं की कुत्रीही कमी होतात. राखलेला डोंगर कसा दिसतो ते बघायचं तर नाशिकजवळ रामशेज किल्ल्याशेजारी बोरगड आहेच.

ससा आला का ते पायवाटेवर कळतं. संध्याकाळी चाळलेली माती पसरा, सकाळी बघा. मागचे दोन लांब पाय पुढे उमटलेले, पुढचे दोन छोटे मागे: ससाच. आसपास गोल, चपट्या, सुक्या लेंड्याही सापडतील. तारीख घालून नोंद करा, वनरक्षकाला दाखवा.

दिंडोरीकडे चारही बाजूंनी द्राक्षबागा आल्या की डोंगराचं बेटच होतं. तिथे बागवाल्यांना ओढ्याकाठची करवंद-निरगुडी तेवढी राखायला सांगा. ससे, मुंगसं त्याच आडोशाने येतात. तीही वाट उरली नसेल, तरच प्राणी आणण्याचा प्रस्ताव वनविभागाकडे न्या.