चिली कुक-ऑफला निघालात? या चुका टाळा

टेक्ससमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी चिली कुक-ऑफमध्ये, म्हणजे मिरचीतल्या मांसाच्या रश्शाच्या स्पर्धेत, उतरायचं म्हटलं की घरात पहिलं वाक्य येतं, 'तिखट काय आपल्याला शिकवायला हवं?' माझ्याही घरी आलं होतं. पहिल्या स्पर्धेत परीक्षकांना चाखायला दिलेला माझा कप पहिल्याच फेरीत बाद झाला. मिरचीशी आपली ओळख जुनी आहे, म्हणूनच आपण इथल्या चिलीकडे नीट बघत नाही. चुकांची सुरुवात तिथून होते.

सगळ्यात आधी डब्यावरचं नाव. इथल्या दुकानात 'चिली पावडर' म्हणून मिळते ती आपली लाल तिखटाची पूड नव्हे. ती मिश्रण असते: सुक्या मिरचीत जिरं, ओरेगानो, लसूण आधीच मिसळलेलं. पाककृतीत 'चार टेबलस्पून चिली पावडर' वाचून तेवढं घरचं तिखट घातलंत तर पातेलं गेलंच. उलट, या मिश्रणावर पुन्हा हात सैल सोडून जिरं घातलंत तर सगळं जिऱ्याचंच लागतं. निव्वळ मिरची हवी असेल तर अँचो, ग्वाहियो, न्यू मेक्सिको अशा नावानं पूड मागायची. अँचो म्हणजे सुकवलेली पोब्लानो मिरची: गडद, जराशी गोडसर, तिखटाला बेताची. रंगासाठी आपण ब्याडगी वापरतो त्याच विचारानं इथले लोक न्यू मेक्सिकोची पूड आणि पॅप्रिका वापरतात. हे ध्यानात आलं की अर्धं गणित सुटतं.

दुसरी चूक जास्त खोल आहे, कारण ती सवयीची आहे. आपण मसाला तेलात परततो, तेल सुटेपर्यंत. तर्री आली की आपल्याला पातेल्याकडे बघूनच समाधान वाटतं. चिलीच्या परीक्षकाला तीच तर्री तुपकट तवंग दिसते. इथे तवंग चमच्यानं काढून टाकतात. मिरचीची पूड गरम तेलात पडली की रंग काळपट होतो आणि मागे कडवट चव राहते. चिली अप्रिसिएशन सोसायटी इंटरनॅशनल, म्हणजे कासी, ही स्पर्धा भरवणारी एक मोठी संस्था. तिच्या पद्धतीत परीक्षक बघतात त्या पाच गोष्टींपैकी एक म्हणजे घास गिळल्यानंतर तोंडात राहणारी चव. बाकीच्या चार म्हणजे वास, रंग, दाटपणा आणि मूळ चव. म्हणून मसाला तेलात न परतता रश्शातच घालायचा आणि एकदम न घालता टप्प्याटप्प्यानं घालायचा. मुरलेले स्पर्धक या टप्प्यांना 'डंप' म्हणतात. पहिला डंप मांस शिजायला लागल्यावर, मधला साधारण तासाभरानं, आणि शेवटचा कप द्यायच्या वीस-तीस मिनिटं आधी. मिरचीचा ताजा वास आणि लाल रंग त्या शेवटच्या डंपमधून येतो. सगळा मसाला सुरुवातीलाच घातला तर तीन तासांनी रस्सा तपकिरी आणि थकलेला दिसतो.

कांद्याच्या आणि टोमॅटोच्या फोडी दिसता कामा नयेत. स्पर्धेतला रस्सा गुळगुळीत हवा, म्हणून बहुतेक जण कांद्या-लसणाचे सुके दाणे वापरतात. हिरवी मिरची आख्खी तरंगत ठेवून, पिळून बाहेर काढतात. दाण्याचं कूट, बेसन, खोबऱ्याचं वाटण यांनी रस दाट करायचा मोह पूर्णपणे सोडा. गरम मसालाही नको. लवंग-दालचिनीचा वास परीक्षकाला लगेच वेगळा लागतो आणि गुण तिथेच जातात.

आता नियम. कासीच्या स्पर्धांत राजमा-बीन्स, भात, पास्ता यांना साफ बंदी आहे. दुसरी संस्था इंटरनॅशनल चिली सोसायटी, म्हणजे आयसीएस, हिचे विभाग वेगळे: ट्रॅडिशनल रेड (लाल), चिली व्हर्दे (हिरवी), होमस्टाइल (घरगुती). बीन्सना जागा आहे ती होमस्टाइलमध्ये, रेडमध्ये नाही. त्यामुळे 'आमच्या गावातल्या स्पर्धेत चाललं होतं' या भरवशावर दुसऱ्या गावाला जाऊ नका. त्या दिवशीची स्पर्धा कुणाच्या नियमांनी आहे, हे नाव देण्याआधी विचारा. मांस घरी कापून नेता येतं, पण घरी शिजवून किंवा मसाल्यात मुरवून नाही. रात्रभर मुरवण्याची आपली पद्धत इथे थेट बाद करते. गोमांस न खाणाऱ्यांनी हेही आधीच ठरवावं. जवळजवळ सगळे स्पर्धक तेच शिजवतात आणि चव न घेता तीन तास मीठ-तिखट जुळवणं फार कठीण आहे.

माझा कप बाद झाला तो मात्र या कशामुळेच नाही. मी कप वरून कोथिंबिरीनं सजवला होता. परीक्षकांना कप कुणाचा हे कळता कामा नये, म्हणून सजावट, खूण, काहीही चालत नाही. सकाळी स्वयंपाक्यांची बैठक होते, तिथे कप देतात आणि हेच सांगतात. मी त्या वेळी गाडीतून सामान काढत होते. बैठक चुकवू नका, कपावरच्या तिकिटाची तुमच्याकडची अर्धी जपून ठेवा, आणि वेळेआधी पाच मिनिटं टेबलाशी उभे राहा. उशिरा आलेला कप कुणी चाखत नाही.

पातेल्यात बिघडलंच तर काय करायचं? खारट होण्याचं कारण बहुतेक वेळा मीठ नसतंच. बीफ ब्रॉथ, कोंबडीचे क्यूब, टोमॅटो सॉस या सगळ्यांत मीठ असतं आणि रस आटला की ते वर येतं. मिठाविना ब्रॉथचा एक डबा नेहमी जवळ ठेवा. पातळ झालं तर झाकण काढून आटवा. जास्त तिखट झालं तर थोडी ब्राउन शुगर आणि टोमॅटो सॉस. मांस चिवट राहिलं तर आच कमी करून झाकण ठेवा, आणि पुढच्या वेळी तुकडे लहान करा. रंग फिका वाटला तर शेवटच्या डंपमध्ये पॅप्रिका.

तिखट किती, हा प्रश्न मला सगळेच विचारतात. परीक्षक एका बसणीत कितीतरी कपांतून एकेक चमचा घेतो, मध्ये क्रॅकर, चीज, द्राक्षं खाऊन जीभ साफ करतो. त्याची जीभ बधिर केलीत तर तुमचं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. 1967 साली पश्चिम टेक्ससमधल्या टर्लिंग्वा या वाळवंटी गावात पत्रकार विक फाउलर आणि विनोदी लेखक एच. ॲलन स्मिथ यांच्यात जो पहिला सामना झाला, तो बरोबरीत सुटला तो याच सबबीवर: निर्णायक मत देणाऱ्या परीक्षकानं आपली जीभच निकामी झाल्याचं जाहीर केलं. तिखट मागून, हळूच यायला हवं.

आणि टर्लिंग्वाचं नाव निघालंच आहे तर सांगते. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तिथे एक नाही, दोन मोठ्या स्पर्धा असतात. 1980च्या दशकात फूट पडली तेव्हापासून दोन्ही वेगवेगळ्या चालतात, जागा वेगळ्या, पात्रतेचा हिशोब वेगळा. कासीच्या स्पर्धेत थेट जाऊन चूल मांडता येत नाही. वर्षभर गावोगावच्या स्पर्धांत पहिल्या दहांत येऊन गुण जमवावे लागतात. कासीचं वर्ष ऑक्टोबरपासून धरतात, म्हणून उन्हाळ्यात जागे होऊ नका. शरदातल्या लहान गावांच्या स्पर्धांपासून सुरुवात करा. बहुतेक ठिकाणी जमलेला पैसा तिथल्याच धर्मादाय कामाला जातो, लोक मायेनं शिकवतात.

प्रवासात सगळ्यात जास्त चुका होतात. विमानानं जायचं तर गॅसचा सिलिंडर सामानात टाकू नका, तो कोणत्याच बॅगेत चालत नाही. वापरलेली शेगडी इंधनाचा वासही उरणार नाही अशी साफ हवी. शेगडी उसनी घ्या, प्रोपेन पोचल्यावर विकत घ्या. सुऱ्या चेक-इन बॅगेत. मसाल्याचे डबे हातातल्या बॅगेत नेलेत तर थांबवून तपासतील, म्हणून तेही चेक-इनमध्येच, आणि प्रत्येक डंपची पुडी घरीच मोजून, आकडा टाकून बांधलेली. वाऱ्यात उघड्यावर चमचे मोजायला गेलात तर अर्धा मसाला उडतो. वाऱ्यासाठी शेगडीभोवती पत्र्याचा आडोसा हवाच, नाहीतर पातेलं उकळीलाच येत नाही. पश्चिम टेक्ससमध्ये कोरड्या दिवसांत उघड्या आगीवर बंदी लागते, तेव्हा लाकडावर शिजवायचा बेत आखू नका.

टर्लिंग्वा ह्यूस्टनहून साधारण 600 मैल. मिडलंडच्या विमानतळावरून उतरलात तरी पुढे चार तास गाडी. शेवटचं मोठं गाव अल्पाइन, तिथून सुमारे 80 मैल मोकळा रस्ता. पेट्रोल, बर्फ आणि मांस अल्पाइनलाच घ्या. मांसाचा कूलर गाडीत वेगळा ठेवा, पाण्याच्या बाटल्यांसाठी तोच उघडझाप करत राहिलात तर पोचेपर्यंत बर्फ उरत नाही. राहायच्या खोल्या थोड्या आहेत आणि त्या आठवड्यात मिळत नाहीत. बहुतेक लोक तंबूत किंवा गाडीत राहतात. वाळवंटातली नोव्हेंबरची रात्र चांगलीच गार असते, जाड पांघरूण न्या.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. तिथून उत्तरेला परतताना अल्पाइनच्या अलीकडे अमेरिकेच्या बॉर्डर पेट्रोलचं, म्हणजे सीमा पोलिसांचं, तपासणी नाकं आहे, मॅरेथॉनच्या रस्त्यावरही आहे. सीमा ओलांडली नसली तरी तिथे नागरिकत्व विचारतात. एच-1बीवर किंवा ग्रीन कार्डावर असाल तर पासपोर्ट, आय-94 (देशात प्रवेशाची नोंद), कार्ड ही कागदपत्रं मसाल्याच्या डब्यात नाही, हाताशी ठेवा. भारतातून भेटीला आलेले आई-वडील बरोबर असतील तर त्यांचेही पासपोर्ट घरी कपाटात राहू देऊ नका.