पॉलिसीतली कुठली अट कायद्याची आणि कुठली कंपनीची, हे कसं ओळखायचं

३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धनच्या आमच्या आत्याच्या घराची कौलं, पत्रे, वासे सगळं गेलं. घर बांधायचा खर्च बारा लाख, विमा सहाचा, नुकसान दोन लाखांचं, आणि हातात आला एक लाख. कारण अट अशी की विमा निम्म्याचा तर भरपाई पण निम्मीच. ती अट आम्ही कोणी वाचलीच नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर पहिलं काम, पॉलिसीचं नाव बघा. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने (इर्डाने) घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना विकायला लावली, तिच्यात अटी ठरलेल्या आहेत आणि कमी रकमेचा विमा म्हणून क्लेम कापता येत नाही, फक्त घराचं क्षेत्रफळ खरं सांगायचं, म्हणून या वेळी आम्ही टेप लावून मोजलं. म्हणजे आत्याचे पैसे ज्या अटीने गेले तीच नियमाने काढून टाकली!

मग पेन घेऊन बसा आणि कायद्यातून आलेल्या अटींवर खूण करा. १९३८ च्या विमा कायद्यात कलम ६४ व्हीबी आहे, प्रीमियम आधी पोचल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही, त्यामुळे वादळाचा इशारा आल्यावर "उद्या भरतो" म्हणू नका. कलम ४५ आपल्या बाजूचं, जीवन विमा तीन वर्षं चालला की माहिती लपवली म्हणून कंपनी तो नाकारू शकत नाही. आधी ही मुदत दोन वर्षांची होती, २०१५ च्या दुरुस्तीने तीन झाली. आरोग्य विम्यात तशी मुदत सलग ६० महिने, पण फसवणूक सिद्ध झाली तर ती लागू नाही. विमा घेण्याआधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळायला वाट बघायची मुदत ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

राहिलेल्या अटी कंपनीच्या. त्या पटल्या नाहीत तर वर्षाची किंवा जास्त मुदतीची जीवन किंवा आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

क्लेम नाकारला तर कुठल्या अटीखाली ते लेखी मागा, कंपनीकडे तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, ५० लाखांपर्यंतची तक्रार तिथे चालते, फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षाच्या आत जायला हवं.